तिरकस

अकरा अंश.
नऊला अक्षर नुसतं कलंडल्यासारखं दिसतं,
चौदाला द आणि ह तोंडावर पडायला येतात.
अकरावर मी थांबले
आणि तीन महिने तिथंच राहिले,
जेल रोडच्या वरच्या मजल्यावर, पंखा एकवर ठेवून.

गोलाई कुठंच नको, असं ठरलं होतं.
पोरवाल ट्रॅव्हल्सचे धाकटे शेठ म्हणाले,
'मॅडम, खड़ी बस भी भागती दिखनी चाहिए।'
म्हणून ठ ला सहा कोन दिले,
ट चं पोट सुरीनं तासावं तसं तासलं,
अनुस्वाराचा ठिपका मोडून
शंकरपाळा केला.
शिरोरेषा मात्र आडवीच ठेवली.
तार तशीच ताणलेली,
कपडे तेवढे वाऱ्यावर.

हा कल माझा नाही.
मल्हारगंजातल्या निरखे पेंटरांचा आहे.
सरवटेवरून सुटणाऱ्या बसच्या पाठीवर
ते लिहायचे 'इन्दौर–सनावद–खण्डवा',
चपट्या कुंचल्यानं, एका फटक्यात एक दांडा,
आणि उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं, 'निरखे'.
मी आठवीत, रंगाचा डबा धरून उभी.
विचारलं, सरळ का नाही लिहीत?
म्हणाले, शिडीचा एक पाय आखूड आहे.

पुढं शिडी नवी आली.
कल राहिला.
दुसऱ्यांदा मी विचारलं नाही.

शेठच्या यादीत ळ नव्हता.
'हिंदी में कौन लगाता है, हटा दो।'
ल हिंदीचा हवा, श हिंदीचा हवा.
दिला. पैसे त्यांचे होते.
पण रात्री कुलूप लावायच्या आधी
मी ळ घेऊन बसायची.
दोन पोटांना कोन पाडले की चष्मा दिसे,
चष्मा टाळला की पतंग.
चौथ्या रात्री जमला:
दोन शंकरपाळे, मधे खुंटी.
मग दऱ्यांमधला, सुऱ्यांमधला तो अर्धा र,
त्याची पापणीसुद्धा टोकदार केली.
बिलात लावलं नाही.

टाईप बाहेर पडला आणि कुणाचाच राहिला नाही.
बसवरून पीएससीच्या क्लासवर गेला,
जिमच्या काचेवर, प्रोटीनच्या डब्यावर,
छावणीतल्या कबड्डी संघाच्या पाठीवर
(घामानं बनियन ओढला की कल आणखी वाढायचा),
एका पार्षदाच्या वाढदिवसावर,
लसूण शेवेच्या पाकिटावर.
शेव धावत नाही. असो.
बारीक अक्षरांत वापरू नका, असं मी लिहून दिलं होतं;
एका वैद्यांनी काढ्याच्या पत्रकावर वापरला.
म्हातारी माणसं मान वाकडी करून
'दिवसातून दोनदा' वाचत होती.

मोठ्यानं बोलण्यासाठी केलेलं अक्षर आहे ते.
दोन शब्द, फार तर तीन.
लांबून, आणि जाता जाता.

परवा रामबागेच्या वळणावर फ्लेक्स दिसला.
निरखे पेंटर, मफलर गुंडाळलेले,
फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला, कारण
खांद्यावर दुसऱ्याचा हात कापून उरला होता.
खाली माझा टाईप.
शोकसभा, आणि अक्षरं अशी
जणू शेवटची बस चुकेल.

मी तशीच छापखान्यात गेले. भांडायलाच.
संगणकावरचा पोरगा उठून उभा राहिला.
'अंकल के घरवाले बोले मराठी में ही चाहिए।
बाकी सब फॉन्ट में डब्बा आ रहा था मॅडम,
ळ इसी में मिला।'

परत येऊन वाचलं.
स्थळ. वेळ. सायंकाळी पाच.
तीन ळ, एका ओळीत,
पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले.
खुंटी जरा जाड झाली आहे,
इतक्या मोठ्या मापात ते दिसतं.

सवयीनं उजव्या कोपऱ्यात पाहिलं.
तिथं छापखान्याचा मोबाईल नंबर होता,
तोही तिरका.